ओला ताणा

गोदूबाईंनी भिंतीवरच्या ओल्या रंगावर अंगठा टेकवला आणि ‘घाबरून’ हा शब्द आडवा पुसून टाकला.

शिडीवर उभी असलेली त्यांची नात धनश्री ब्रश हातात धरून बघतच राहिली. शाळेत चित्रकला शिकवणारी ही पोरगी सुट्टी काढून कोष्टीटोला स्टेशनच्या नव्या भिंतीवर स्टेशनचा इतिहास रंगवत होती. जुनी छोटी गाडी बंद झाली, तिचे रूळ उखडले गेले, त्या जागी मोठे रूळ आले. नागपूर वाढत वाढत टोल्याला, म्हणजे कोष्ट्यांच्या या वस्तीला, येऊन टेकलं होतं. उद्या सकाळी पहिली मोठी गाडी इथे थांबायची होती, आणि त्याआधी भिंत पुरी व्हायला हवी होती.

“आजी, हे काय केलं?”

“मी घाबरली नव्हती,” गोदूबाई म्हणाल्या आणि अंगठा लुगड्याच्या पदराला पुसला.

‘गोदू घाबरून थिजली, म्हणून गाडी थांबली’ हा मजकूर धनश्रीने मनाने लिहिला नव्हता. तो बाबनरावांचा होता. बाबनराव म्हणजे गोदूबाईंचे धाकटे दीर. या हॉल्टवर, गाडीच्या छोट्या थांब्यावर, त्यांनी उभा जन्म तिकिटं विकली, आणि तिकिटाबरोबर ही गोष्टही फुकटात दिली. लग्न असो की बारसं, चार माणसं जमली की बाबनराव उभे राहायचे, दोन्ही मुठी आवळून डोळे वटारायचे आणि म्हणायचे, “अशी थिजली आमची वहिनी, अन् गाडी थांबली!” टोला पोट धरून हसायचा. गोदूबाईही हसायच्या आणि काहीतरी निमित्त काढून चुलीकडे जायच्या. हसण्यावारी नेता येतं तोवर माणूस नेतो. पण आता ते भिंतीवर चढणार होतं. नव्या फ्लॅटांतली माणसं गाडीची वाट बघत रोज वाचणार होती, गोदूबाई गेल्यावरही वाचणार होती, की या स्टेशनाच्या मुळाशी एक भित्री, बावळट सून आहे. हे मात्र त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

त्या प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसल्या आणि धनश्रीला समोर बसवून घेतलं.

गोदू लग्न होऊन आली तेव्हा टोल्यात घरोघरी माग होते. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावायची, तर तो लांबच लांब, सरळ पसरावा लागे. टोल्यातली एकच गल्ली तेवढी सरळ, आणि ती रूळ ओलांडून पलीकडे जायची. म्हणून सकाळची गाडी गेली की ताणा थेट रुळांवरून बांधायचा. घड्याळ कुणाकडे होतं? ऊन भिंतीवर आलं की गाडी गेली असं धरून चालायचे. त्या दिवशी ऊन आलं, गाडी आलीच नव्हती. एक टोक बाभळीला बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा दोर रुळांपलीकडे उभ्या गोदूच्या हातात, मधे खळीने ओला झालेला पांढरा ताणा, आणि वळणावर धूर दिसला. पुरुष कुंचे टाकून पळाले. “सोड दोर, सोड!” असा एकच गिल्ला झाला.

“मग तू काहून नाही सोडला?”

गोदूबाईंनी रुळांकडे पाहिलं. ही गाडी रोज भिवापूरला जायची. भिवापूरला त्यांची आई होती. लग्नाला वर्ष उलटलं तरी माहेरी पाठवायला कुणाला सवड नव्हती, कारण गाडी धरायची तर लांबच्या स्टेशनापर्यंत चालत जावं लागे. रोज सकाळी माहेरची गाडी नाकासमोरून न थांबता निघून जायची.

“म्हटलं, आज तुले थांबाच लागन,” गोदूबाई म्हणाल्या. “बस.”

गाडी ताण्याच्या अलीकडे थांबली. ओला ताणा गुंडाळला असता तर सूत चिकटून वाया गेलं असतं, म्हणून ड्रायव्हरने बिडी पेटवली आणि सूत सुकेपर्यंत वाट पाहिली. उतारू पाणी प्यायला उतरले, टोल्यातली चार माणसं आयतीच चढली. थांबता येतं हे एकदा दिसल्यावर लोकांनी अर्जांवर अर्ज केले, आणि हॉल्ट झाला. मामाजी, म्हणजे सासरे, काठी घेऊन धावून आले होते, पण तोवर बारका बाबन “वहिनी घाबरली, वहिनी घाबरली” म्हणत नाचायला लागला आणि सगळे हसत सुटले. तेव्हापासूनचं ते हसू.

धनश्रीने रंगाचा डबा पुन्हा उघडला.

सकाळी प्लॅटफॉर्मवर हार, पेढे, फोटो यांची एकच झुंबड होती. गोदूबाई भावाच्या घरी निघाल्या होत्या, भिवापूरला. पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या. बाबनराव काठी टेकत आले आणि भिंतीपुढे उभे राहिले. एवढ्या वर्षांची त्यांची गोष्ट गोदूबाईंनी एका अंगठ्याने पुसली होती. आता चारचौघांत तमाशा करतात की काय, असं त्यांना वाटलं.

बाबनरावांनी मजकूर वाचला. पुन्हा वाचला. मग येऊन शेजारी टेकले.

“बरं झालं,” ते म्हणाले. “खरं तेच लिवलं.”

गोदूबाई त्यांच्याकडे वळल्या.

“मी बाभळीपाशीच तर होतो, वहिनी. तू हसून राहिली होती.”

“मग घाबरली काहून म्हटलं, भाऊजी?”

“बाबाच्या हातात काठी होती,” बाबनराव म्हणाले. “घाबरलेल्या सुनेले कोण मारते?”

हारवाल्यांची पळापळ सुरू झाली. गोदूबाईंना कधी नव्हे ते लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं. मग त्यांनी विचारलं, मामाजी गेल्यावर तरी का नाही सांगितलं?

“तोवर लोकाईले गोष्ट आवडली होती,” बाबनराव म्हणाले आणि खाली बघून हसले. “मलेही.”

गाडी आली, लांबलचक, चकचकीत. धनश्रीने पिशवी आत चढवली. मागचे लोक घाई करू लागले. गोदूबाईंनी एक पाय पायरीवर ठेवला, दांडी घट्ट धरली आणि मान वळवून भिंतीकडे पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या, एकेक अक्षर लावत वाचू लागल्या: ‘गोदूने दोर सोडला नाही, म्हणून गाडी थांबली.’

गार्डाने शिट्टी तोंडाशी नेली होती. म्हातारीचं वाचून होईपर्यंत ती त्याने तशीच धरून ठेवली.