मास्तरांच्या घोट्यावरचा पट्टा

चाळीस वर्षं लोकांची मापं घेण्यात घालवलेल्या शिंपी मास्तरांवर एका मनगटी पट्ट्याने खोटेपणाचा आळ आणला, आणि तोही गुडघा बदलून जेमतेम तीन आठवडे झाले असताना.

पावलं मोजणारा हा पट्टा मुलाने बांधला होता. दूरच्या शहरात बसून त्याला बापाची रोजची पावलं फोनवर दिसत. ऑपरेशनच्या दिवशीच त्याने सांगून टाकलं होतं, "बाबा, दोन महिन्यांत रोजची दोन हजार पावलं झाली तर खुशाल दुकान उघडा. नाहीतर शटर ओढायचं आणि कायमचं माझ्याकडे यायचं." मास्तरांनी शब्द दिला. पण मशीन सोडून बसायचं म्हणजे जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसायचं, असं त्यांना वाटे.

"बाबा, काल फक्त अठ्ठावन्न पावलं," मुलगा फोनवर म्हणाला. "दिवसभर लोळत होतात का?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातला बोळ त्यांनी टेपने मोजला होता, बावीस फूट. वॉकर धरून, दातओठ खात ते त्यात फेऱ्या मारत आणि दर फेरीला दाराच्या चौकटीवर खडूची रेघ ओढत. काल चाळीस रेघा झाल्या होत्या.

"पट्टा खोटं बोलतोय," ते म्हणाले.

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"मग काय मी बोलतोय?"

मुलाने औषधं वेळेवर घ्यायला सांगून फोन ठेवला. पोटच्या पोराने विश्वास ठेवू नये, हे मास्तरांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखलं. त्यांची देखभाल करायला येऊन राहिलेल्या आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, लगेच तोड काढली. "पलंगावर बसून हात हलवत राहा. त्या पट्ट्याला काय कळतंय? होतील दोन हजार."

"आक्का, कापड ताणून माप भरणारा शिंपी मी नाही."

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या. मास्तरांनी त्यांना चौकटीवरच्या रेघा दाखवल्या आणि म्हणाले, "आता तुम्हीच न्याय करा." बाईंनी त्यांना वीस पावलं चालवलं, मोठ्याने मोजली आणि पट्टा पाहिला. एकही पाऊल वाढलं नव्हतं.

"मास्तर, तुमचे दोन्ही हात वॉकरवर घट्ट," बाई हसू लागल्या. "मनगट हललंच नाही, तर याला पावलं कळणार कुठून? घोट्याला बांधून बघू."

घोट्याला पट्टा पुरेना. मास्तरांनी चार बोटं इलॅस्टिक कापून तिथल्या तिथे टाके घातले. पुन्हा वीस पावलं चालले. पट्ट्यात बरोबर वीस वाढली. त्या रात्री मास्तर ढाराढूर झोपले.

मग वॉकर गेला, काठी आली. पाचशे, नऊशे, चौदाशे. फोनवर मुलगा आता गुळमुळीत बोलू लागला.

दोन महिने भरले त्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं. मशीन चालवायला डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. संध्याकाळी एका शर्टाची बाही जोडत असताना मुलगा धापा टाकत आत शिरला.

"फोन का उचलत नाही, बाबा? सकाळपासून आकडा दोन हजार एकशे बारावर अडकलाय. मला वाटलं, पडलात कुठे तरी. तसाच गाडीत बसलो."

"मशीनच्या आवाजात ऐकू आला नसेल." मास्तरांनी खिळ्याकडे बोट दाखवलं. पट्टा तिथे लटकत होता. "चालणं झालं, काढून ठेवला. पायात असला की पायडल मारलेलंही पाऊल म्हणून धरतो. फुकटची कशाला घ्यायची?"

मुलगा पट्ट्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं, बाबा."

"बस," मास्तर म्हणाले.

दुसरं स्टूल नव्हतं. मुलगा मशीनशेजारी जमिनीवरच बसला आणि त्याने बापाच्या नव्या गुडघ्यावर हात ठेवला. मास्तरांनी पायडल दाबलं. बाही पुरी होईपर्यंत हाताखाली गुडघा खाली-वर होत राहिला, आणि मुलाने हात काढला नाही.