दीड महिना सांगितला होता

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. यांच्या घशात कॅन्सर, म्हणून घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका सगळं काढायचं. मग जठराची लांब नळी करून ती छातीतून वर ओढायची आणि थेट जिभेच्या मुळाशी शिवायची. श्वासासाठी मानेला भोक. माझी मुलगी काजल रडत होती. मी मात्र विचार करत होते, कापड पुरेल का. आयुष्यभर ब्लाऊज शिवले, दुसरं काय सुचणार.

कापड पुरलं. ऑपरेशन नऊ तास चाललं आणि बाराव्या दिवशी हे पलंगावर ताठ बसून होते. हे म्हणजे रुपराव, माझे यजमान. सीताबर्डीच्या दुकानात तीस वर्षं बोलून बोलून साड्या खपवलेला माणूस. आता बोलणं पाटीवर.

त्या सकाळी औषधाचं पाणी पाजून एक्स-रे फोटो काढला. शिवण कुठेच गळत नव्हती. आता आधी चमचा-चमचा पाणी, मग पेज, मग सगळं वाटून पातळ. थोडं थोडं, दिवसातून आठदा. खाल्ल्यावर वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आहाराचं बघणारी नूपुर नावाची पोरगी मला शिकवायला बसली, पोळी वरणात भिजवून कशी वाटायची, कशी गाळायची. तिचं वाक्य संपायच्या आत मी पुढचं सांगत होते. काकू, तुम्ही फार लवकर शिकता, म्हणाली.

लवकर कसली. संक्रांतीपासून तेच तर करत होते.

संक्रांतीला यांच्या घशात तिळाची पोळी अडली. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणायला मी एकटीच सक्करदऱ्याच्या आमच्या डॉक्टरकडे गेले, तर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, लगेच दुर्बिणीने तपासणी करा. काजलचं लग्न वैशाखात ठरलेलं. कामठीची माणसं चांगली, पण सोयरीक ती सोयरीक. मुलीच्या बापाला मोठा आजार निघाला की लग्न पुढे जातं, आणि पुढे गेलेलं लग्न होतंच असं नाही. चिठ्ठी मी साड्यांच्या घडीत ठेवली आणि यांचं जेवण मऊ करत गेले. आधी आसट भात, मग खिचडी, मग गाळलेली खिचडी. मार्चमध्ये यांनी विचारलं, डॉक्टरले दाखवू का वं? मी म्हटलं, गिळून तर राहिले, काहून भेता. लग्नात हे नुसता मठ्ठा पिऊन पंगतीत आग्रह करत फिरले. लेक चालली म्हणून बापाला घास जात नाही, असं लोक म्हणाले. मीही मान डोलावली.

जूनमध्ये इथे मोठ्या दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, दीड महिना. यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. तेव्हा बोलता येत होतं.

नूपुर गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, तेव्हा आणलं असतं तर आवाज कदाचित वाचला असता. नक्की कोणी सांगू शकत नाही.

ते ‘कदाचित’ घेऊन मी यांच्यापुढे बसले.

"अजी, संक्रांतीलेच डॉक्टरनं तपासणीची चिठ्ठी दिली होती. काजलच्या लग्नासाठी मी लपवून ठेवली."

यांनी पाटी ओढली. *आता काहून सांगून राहिली?*

खोटं बोलायला खूप उत्तरं होती. "तुमाले आता ओरडता येत नाही म्हणून," मी म्हटलं.

हे बघतच राहिले. मानेच्या भोकातून श्वास जोरात येऊ लागला. मग लिहायला लागले. *मी विचारलं होतं तुले.* पुसलं. *मरत होतो अन् तू खिचडी गाळत होती.* अक्षरं पाटीबाहेर जात होती. लेखणी मोडली, उरलेल्या तुकड्यानं लिहिलं. मी प्रत्येक ओळ पूर्ण वाचली. नजर वळवायची नाही, एवढं ठरवलं होतं.

नंतर सावकाश एक ओळ आली. *काजलले कधीच सांगू नको. तिच्या लग्नाले दोष लागन.*

"नाही सांगत."

मला वाटलं, संपलं. मी पाण्याचा चमचा भरला. यांनी माझा हात बाजूला सारला.

"अजून आहे?"

यांनी होकारार्थी मान हलवली. मी पदरानं पाटी पुसली आणि परत यांच्या हातात दिली.