खारीचा मंत्र आणि पाचवी पायरी

त्या दिवशी मनीषनगरातल्या आमच्या शाळेच्या फाटकासमोर एवढी गर्दी उसळली, की ऑटोवाल्यांनी आपणहून रस्ता बदलला. कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात पेढे. मधोमध तिसरीतली रुचिका, मनगटावर पिवळा धागा बांधून, नवरीसारखी लाजत उभी.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"काय झालं काय विचारता नत्थूजी!" तिची आई कामिनी धापा टाकत म्हणाली. "जुलैत माही पोरगी पहिल्या पायरीवर अडली होती. आज डायरेक्ट पाचवी! महाराजांचा धागा, बाकी काही नाही!"

फाटकासमोरच माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. त्यामुळे कोणतं पोर पेन्सिल चावतं आणि कोणते आईबाप पोरापेक्षा त्याच्या मार्कांवर जास्त प्रेम करतात, याचा जमाखर्च माझ्या डोक्यात कायम तयार असतो. रुचिका पोर गोड. पण दोनच दिवसांपूर्वी तिने माझ्याकडे खोडरबर मागितलं होतं आणि मी गंमत म्हणून नाव छापलेल्या तीन डब्यांतून तिला ओळखायला लावलं, तेव्हा तिने स्केचपेनचा डबा उचलला होता. दोन दिवसांत एवढी चढण? माझ्या हिशेबात काही बसेना.

आधी परीक्षा कशी ते सांगतो. शाळेने यंदा कंप्युटरवरची वाचनपरीक्षा आणली होती. मुलाच्या कानाला हेडफोन, तोंडाशी माइक, समोर पडद्यावर एक गोष्ट. सुरुवातीची वाक्यं सरळ, सोप्या शब्दांची. पुढे पुढे जोडाक्षरांची चढण. मूल मोठ्याने वाचतं, कंप्युटर ऐकतो, आणि जिथं मूल अडेल ती त्याची पायरी; न अडता गोष्ट संपवली तर पाचवी, शेवटची. जुलैत एकदा, दिवाळीनंतर पुन्हा एकदा. गोष्ट दोन्ही वेळा तीच. शिक्षकांनी पडद्यात डोकवायचं नाही, असा नियम. म्हणे मुलं बुजतात. जी मुलं खालच्या दोन पायऱ्यांवर अडत, त्यांच्यासाठी शामला मॅडम शेवटच्या तासाला वाचनवर्ग घ्यायच्या.

आणि आता महाराज. शाळेच्या मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर एक हॉल आहे. तिथं श्रावणापासून श्री अक्षरानंद महाराज अवतरले होते. मी त्यांना पाहिलं आणि ओळखलं. पूर्वाश्रमीचे हे रुपराव. काटोलच्या बाजारात संत्र्याच्या झाडाला दुप्पट बहर आणणारं मंतरलेलं पाणी विकायचे. बहर आला तर पाण्याचा गुण, नाही आला तर झाडाचं प्रारब्ध. तिथून उठून ते पोरांकडे का वळले, हे त्यांनाच ठाऊक.

त्यांचं प्रवचन मी एकदा ऐकलं. "अक्षर म्हणजे ब्रह्म! ब्रह्म म्हणजे व्हायब्रेशन! आणि व्हायब्रेशन म्हणजे काय, माताओं? वायफाय! तुमच्या बालकाचं कनेक्शन सरस्वतीशी जोडायचं, बस!" खाली गिरणी घरघरत होती, त्यामुळे व्हायब्रेशन सगळ्यांनाच जाणवत होतं.

धागा बांधला की मुलाला बीजपाठ मिळे. तो रोज संध्याकाळी डोळे मिटून घोकायचा. कुणाला सांगायचा नाही, शिक्षकांना तर मुळीच नाही; सांगितला की गुण गेला. आणि परीक्षेत हेडफोन चढवला की धाग्याला हात लावायचा, डोळे मिटायचे, बीजपाठ म्हणायचा. पुढचं सरस्वती बघेल.

सरस्वतीने बघितलं. धागेवाली सगळी पोरं पाचव्या पायरीवर! हेडमास्तर सुमंत सर इतके हरखले की त्यांनी जाहीर करून टाकलं, शनिवारी महाराजांचा सत्कार, आणि सोमवारपासून वाचनवर्ग बंद. वाचनवर्गाची खोली महाराजांच्या संस्कार केंद्राला.

"सर, ह्या मुलांना अजून वाचता येत नाही," शामला मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, कंप्युटर खोटं बोलतो का?"

"कंप्युटर ऐकतो तेवढं बोलतो, सर."

"म्हणजे तुमच्याच्यानं जे झालं नाही ते महाराजांनी केलं, याचं तुम्हाला वाईट वाटतंय," सर हसून म्हणाले.

मॅडम दुपारी माझ्या दुकानात आल्या, तोंड उतरलेलं. तेवढ्यात रुचिका आली. मॅडमनी एका कागदावर लिहिलं, 'आज डब्यात काय होतं?' आणि तिच्यापुढे धरला. पोरीने कागद पाहिला, धाग्याला हात लावला, डोळे मिटले. मग एक डोळा हळूच उघडून म्हणाली,

"मॅडम, हे कंप्युटर नाही ना. इथं नाही चालत."

"काय नाही चालत, बाळा?"

रुचिकाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि पळाली.

"नत्थूजी," मॅडम म्हणाल्या, "ही वाचनवर्गातून सुटली, की पुढच्या वर्षी चौथीत बसेल. तिथं कोणी विचारणार नाही हिला वाचता येतं का. पाचवी पायरी ना! मग ही कायमची राहिली. हिचं घर कुठं आहे?"

घर माझ्याच गल्लीत. मी त्यांना घेऊन गेलो. कामिनी कामावर गेलेली. रुचिकाची आजी मैनाबाई दारात पाटावर बसून पोथी वाचत होती. मैनाबाई उमरेडची, विणकराच्या घरातली. माग कधीचा गेला, पण बोट अजून धोट्यासारखं चालतं. पोथीच्या ओळीवरून सरसर धावत होतं. आवाज खणखणीत, एक शब्द अडखळत नव्हता.

आम्ही उभे राहिलो. टेबलपंख्याचा वारा आला, पोथीची चार-सहा पानं फडफडून उलटली. मैनाबाईचं वाचन मात्र जिथं होतं तिथूनच पुढं चालू! बोट नव्या पानावर, ओवी जुन्या पानाची.

"मावशी, पानं उलटली," मॅडम म्हणाल्या.

"उलटू दे ना, मॅडम. मले कोठी वाचता येते? लगीन झाल्यापासून सासूच्या तोंडून आयकून राहिली, पाठ झाली. बोट फिरवलं की देवाले बी बरं वाटते."

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. वर्गात चोरून चिंच खाणारं पोर सापडल्यावर येतं ना, तसं.

"मावशी, रुचिका संध्याकाळी काय घोकते हो?"

"ते नाही सांगाचं म्हंते महाराज."

"कोणी नाही सांगायचं?"

"ज्याले धागा बांधला त्यानं." मैनाबाईने क्षणभर विचार केला. "मले कुठी बांधला? मंग मले काहून लागू होईन नियम? आयका."

आणि तिने सुरू केलं. "एक वन. वनात एक वड. वडावर एक खार..." खार पुढे संत्र्याची बी पुरते, विसरते, आणि अखेर संत्र्याच्या समृद्ध वृक्षाखाली कृतज्ञतेने स्वतःच्या विस्मृतीवर हसते.

"हा मंत्र?" मी विचारलं. "खारीचा?"

"तुमाले नाही समजाचं. खार म्हंजे जीव. संत्रं म्हंजे संसार. बी म्हंजे... बी म्हंजे काय सांगतलं होतं वं रुचिका?"

"वायफाय," आतून रुचिका म्हणाली.

मॅडम पाटाशेजारी खालीच बसल्या. "मावशी, शनिवारी माझं एक काम कराल? पण रुचिकाच्या आईचा राग ओढवेल."

"पोरीचं भलं होईन का?"

"पोरीला खरंखुरं वाचता येईल."

"मंग राग मी पाहून घेतो."

शनिवारी शाळेचा हॉल भरला. महाराज खुर्चीवर, गळ्यात हार. मॅडमनी सुमंत सरांना सुचवलं होतं, की प्रात्यक्षिक होऊन जाऊ द्या, आणि गोष्ट भिंतीवर मोठ्या पडद्यावर दाखवा, सगळ्यांनाच चमत्कार दिसेल. सर खूश. महाराज मात्र पडदा पाहून जरा चुळबुळले. "बालकाच्या वाचनावर दृष्ट पडते, भिंतीवर नको."

"बालक नाहीच बसणार, महाराज," मॅडम म्हणाल्या. "मैनाबाई बसणार आहेत."

हॉलमध्ये खसखस पिकली. कामिनी ताडकन उठली. "आई! काय चाललं तुमचं? तुमाले 'अ' तरी येते का?"

"बस वं कामिनी. आयुष्यात येक बी परीक्षा नाही देली. येक त देऊ दे!"

"माताजींना धागा नाही," महाराज घाईने म्हणाले. "दीक्षेविना काही होणार नाही."

"मग काहीच होणार नाही. चिंता कशाला?" मॅडमनी मैनाबाईच्या कानाला हेडफोन लावला, चष्मा काढून घेतला आणि खुर्चीच फिरवली. पाठ पडद्याकडे, तोंड लोकांकडे.

मैनाबाईने पदर सावरला, डोळे मिटले. "एक वन. वनात एक वड..."

भिंतीवर अक्षरं उजळू लागली. एक वन. वनात एक वड. आजी बोले तसतसा शब्द हिरवा होई. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, हा त आपल्या साहिलचा मंत्र आहे!" "आमच्या गोपिकाचा बी!" 'कृतज्ञता' हिरवी झाली, 'विस्मृती' हिरवी झाली, गोष्ट संपली, स्पीकरमधून टाळ्यांचा आवाज आला आणि कंप्युटर लाडात म्हणाला, "शाब्बास, बाळा! तू पाचव्या पायरीवर आहेस!"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. पण रुपराव कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उठून हात उंचावून गरजले, "पाहिलंत? नुसता मंत्र कानावर पडला आणि निरक्षर माता साक्षर झाली! बोला, सरस्वती माता की..."

"जय!" दोन-चार जण सवयीने म्हणालेही.

मॅडमनी शांतपणे मैनाबाईला चष्मा दिला आणि महाराजांच्या सत्काराच्या फलकाकडे बोट दाखवलं. "मावशी, हे वाचा."

मैनाबाईने फलक वरून खाली पाहिला. "फोटो महाराजाचा हाय. बाकी मले काय समजते?"

आता मॅडम मुलांकडे वळल्या. "मुलांनो, मंत्र सांगू नका. तो भिंतीवर दिसलाच. मला फक्त एवढं सांगा, महाराजांकडे पहिल्या दिवशी गेलात तेव्हा त्यांनी काय विचारलं?"

पोरांनी एका सुरात, पाढा म्हणावा तसं सांगितलं, "बाळा, परीक्षेत काय काय दिसलं, आणि कुठे अडलास?"

झालं. श्रावणात कुणी सांगितलं होतं वड, कुणी खार. हुशार पोरं 'गुण टिकावा' म्हणून धागा बांधायला आली होती, त्यांनी शेवटच्या ओळी पुरवल्या. गोदडी शिवावी तसा महाराजांनी तुकड्याला तुकडा जोडला, त्याला बीजपाठ नाव दिलं आणि ज्याची गोष्ट त्यालाच मंत्र म्हणून परत दिली. कंप्युटर बिचारा कानाने परीक्षा घेतो. समोरच्याचे डोळे अक्षरावर आहेत की मिटलेले, त्याला काय ठाऊक?

गलका शमला तेव्हा महाराजांची खुर्ची रिकामी होती. हार तेवढा खुर्चीवर. सुमंत सर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मॅडम, वाचनवर्ग चालूच राहील. आणि गोष्ट दर वेळी नवी."

कामिनी डोळे पुसत होती. "म्हंजे माही पोरगी पाचवीवर नाहीच?"

"पहिलीवर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ती पायरी तिची स्वतःची आहे. तिच्यावर पाय ठेवूनच दुसरी चढता येते."

मला तेव्हा उमगलं, रुपरावांचा हिशेब कुठं चुकला. संत्र्याची झाडं बोलत नाहीत. मुलं बोलतात, फक्त कोणीतरी नीट विचारावं लागतं. आपण पोरांना मार्क विचारतो, पायरी विचारतो. "हे काय लिहिलंय, मला वाचून दाखव," एवढं घरात कोणी म्हटलं असतं, तर धागा पहिल्याच संध्याकाळी सुटला असता. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. खरी विद्या असेल तर ती प्रश्नाने आटत नाही.

परवा संध्याकाळी मैनाबाई आणि रुचिका गिरणीवरून पीठ घेऊन निघाल्या होत्या. वरच्या हॉलच्या बंद दारावर एक पाटी लागली आहे. रुचिका थांबली. धागा केव्हाच गेला होता. बोट हवेत धरून ती अक्षरामागून अक्षर चढू लागली.

"हॉल... भा... भाड्या... भाड्याने... दे... देणे... आहे."

"पाठ करून आली का वं?" आजीने डोळे बारीक करून विचारलं.

"नाही आजी! पाहून म्हटलं!"

"मंग माह्या बोटाले धर," मैनाबाई पिठाचा डबा खाली ठेवत म्हणाली, "आन् यातला 'ह' कोणता, ते दाखव मले."