‘काय म्हणाले’ नावाचा रकाना

“तुमच्या कामात रोज अडतं असं काहीतरी सांगा,” संघमित्रा मॅडम म्हणाल्या. “मोठं नको. छोटंच सांगा.”

जळगावच्या डायलिसिस केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये बारा जण बसले होते. संस्थेने तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. ज्यांना संगणकातलं फारसं कळत नाही अशा कर्मचाऱ्यांनी आपल्या कामापुरतं अ‍ॅप स्वतःच बनवायचं. कोड लिहायचा नाही, पडद्यावरच्या तयार चौकटी ओढून जोडायच्या. कोणी रजेचा अर्ज सांगितला, कोणी धोब्याकडून न आलेल्या चादरी. मग कामिनीताई सुरवाडेंचा नंबर आला. सतरा वर्षं त्या तिथे अटेंडंट होत्या. पेशंटचं वजन घ्यायचं, बेड लावायचा, रजिस्टरात नाव लिहायचं.

“माणूस आला नाही तर कळत नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“जामनेरकडचे मोतीलालभाऊ होते. सोमवार आणि गुरुवार त्यांचे वार. एका गुरुवारी आले नाहीत. मी नऊपर्यंत वाट पाहिली, मग बेड दुसऱ्याला दिला. वाटलं, लग्नाबिग्नाला गेले असतील. सोमवारी त्यांचे जावई आले, मृत्यूच्या दाखल्यासाठी फाईल मागायला. गुरुवारी चादर मीच बदलली होती.”

संघमित्रा मॅडम धुळ्याहून आल्या होत्या, तिशीच्या असतील. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘माणूस आला नाही तर कळलं पाहिजे.’ त्याखाली लिहिलं, ‘कोणाला? किती वाजता?’

या दोन प्रश्नांत अख्खी दुपार गेली. सावद्याची गाडी साडेसातला पोचते, जामनेरची आठला. जवळच्या मेहरूणचे पेशंट चालत येतात, त्यांना उशीर होण्याचं कारण नाही. प्रत्येकाची वेळ वेगळी. घरी फोन कोण उचलतं, नाही उचलला तर शेजारी कोण, हे सगळं ताईंच्या डोक्यात होतं. ते कुठे मांडून ठेवा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पहिला प्रयोग फसला. चोपन्नच्या चोपन्न नावं लाल झाली, कारण कोणाचे वार कोणते ते ताईंनी भरलंच नव्हतं.

शेजारी बसलेल्या नसीम सिस्टर हसल्या. “ताई, तुमच्या अ‍ॅपनं सगळ्यांनाच बेपत्ता करून टाकलं.”

ताईही हसल्या आणि पुन्हा पहिल्या नावापासून भरायला बसल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चाललं. वेळ टळून अर्धा तास झाला की नाव लाल, आणि नावावर बोट ठेवलं की फोन लागतो.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी द्रौपदाबाईंचं नाव लाल झालं. सावद्याच्या, पासष्टीच्या बाई. घरचा फोन कोणी उचलेना. ताईंनी शेजारच्या दुकानाचा नंबर लावला. दुकानदार बघून आला आणि म्हणाला, मुलगा परगावी गेलाय, बाई बाजेवर बसून आहेत, चेहरा सुजलाय, बोलताना धाप लागते. ताईंनी त्याच्याकडूनच रुग्णवाहिका बोलावून घेतली. अकरा वाजता द्रौपदाबाई बेडवर होत्या.

“एक वार चुकला तं काय होते, असं वाटलं माय,” त्या नंतर म्हणाल्या.

ही गोष्ट संस्थेत पसरली. व्यवस्थापक युवराज सर स्वतः खाली आले. “छान झालंय, ताई. आता एक करू. नाव लाल झालं की मेसेज आपोआप जाईल. तुम्हाला फोन करायला नको.”

“मेसेज वाचणार कोण, सर?”

“घरचं कोणीतरी वाचेल.”

ताईंनी वाद घातला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अ‍ॅप उघडलं आणि एक रकाना वाढवला. नाव दिलं, ‘काय म्हणाले’. माणसाशी किंवा घरच्यांशी बोलून त्यांचं म्हणणं त्यात लिहिल्याशिवाय लाल रंग जाणार नाही, असं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, “हे कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मीच केलं.”

हे म्हणताना त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. इतकी वर्षं फॉर्म वरून छापून यायचे. रकाना कमी पडला तर समासात लिहायचं आणि समासातलं कोणी वाचायचं नाही.

“वेळ जाईल यात,” सर म्हणाले. “काढून टाका.”

“महिनाभर राहू द्या. नाही पटलं तर तुमच्या हातानं काढा.”

सर वर गेले. रकाना राहिला.

पंधरा दिवसांत द्रौपदाबाईंना पुन्हा उशीर झाला. या वेळी फोन त्यांनीच उचलला. गाडीत होत्या. “येतेय मी. आन् ऐक, काल अर्धं केयं खाल्लं. डॉक्टरले सांगू नको.”

चहूकडे केळीच्या बागा आणि डायलिसिसच्या माणसाला केळं वर्ज्य. ताईंनी पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्या वाक्याला त्यांचं बोट थांबलं. विश्वासानं सांगितलेलं होतं ते. मग त्यांनी तेही लिहिलं, जसंच्या तसं.

डॉक्टरांनी ते आपल्या पडद्यावर वाचलं आणि द्रौपदाबाई आल्याबरोबर रक्त तपासायला घेतलं. पोटॅशियम बरंच वाढलं होतं. अर्धं नसावं, दोनेक तरी असावीत, असं ते म्हणाले आणि बाईंना सगळ्यांच्या आधी मशीनला लावलं.

पुढच्या वारी द्रौपदाबाई ताईंकडे न बघता वजनकाट्यावर चढल्या. उतरताना मात्र आधाराला हात त्यांच्याच खांद्यावर ठेवला.

युवराज सरांनी तो रकाना एकदा उभ्याउभ्या वरपासून खालपर्यंत वाचला. काढायचा विषय परत निघाला नाही.

डिसेंबरात द्रौपदाबाई गेल्या. त्यांचा वार चुकलेला नव्हता. हृदयच थकलं होतं. ताईंनी त्यांचं नाव पुसलं नाही. चालू यादीतून काढून एका वेगळ्या पानावर नेलं, त्यांच्या बोलण्यासकट. या पानासाठी त्यांनी कोणाची परवानगी विचारली नाही.

जानेवारीत संस्थेने त्यांना धुळ्याच्या केंद्रावर शिकवायला पाठवलं. तिथले अटेंडंट अभिमनभाऊ त्यांच्याच वयाचे, अहिराणी बोलणारे. सकाळपासून ते म्हणत होते, “ताई, हे पोरासोरांचं काम शे. माले नही जमाव.”

आठ वाजता यादीत एक नाव लाल झालं. अभिमनभाऊंनी फोन लावला, ऐकलं, ठेवला आणि पडद्याकडे बघत बसले.

“काय म्हणाले?” ताईंनी विचारलं.

“गाडी मियनी नही. दुपारले येस.” ते घुटमळले. “पण असं कसं लिहू? शुद्ध करून लिहू का?”

“ते बोलले तसंच लिहा.”

अभिमनभाऊ एका बोटानं अक्षरं शोधू लागले. ‘ग’ सापडला, काना सापडायला वेळ लागला. तो कुठे आहे हे ताईंना दिसत होतं. त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.