ठकूवहिनीसाठी केलेला डबा

मी एक डबा बोलतोय. लांबून बघाल तर स्टीलचा साधा जेवणाचा डबा वाटेन, आणि जन्मानं मी आहेच तसा. जुन्नरला हाजराबीच्या फडताळात मी वीस वर्षं शेवया सांभाळल्या. आता माझ्या पोटात एका मेलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आहे, चार कंडेन्सर आहेत, तारा आहेत, आणि तोंडावर एक मोठं काळं बटण. एका बाजूनं मोबाइलची वायर घालायची, दुसऱ्या बाजूनं हेडफोनची. मोबाइलमधलं बारीक बोलणं मी मोठं करून कानात सोडायचं. ह्याला हेडफोनचा ॲम्प्लिफायर म्हणतात म्हणे. मला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्याचा मोठा करायचा, एवढाच माझा धर्म.

मला केलं हाजराबीच्या नवऱ्यानं, गफूरनं. शाळेचं तोंड न बघितलेला माणूस, पण बाजारपेठेत चाळीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले. लग्नाला, उरसाला, सप्त्याला स्पीकर लावले, आणि त्यांची मशिनं सगळी घरी केलेली, हातची. कर्ण्याच्या बुडाशीच बसून असायचा दिवस दिवस. पुढं दुकान सुटलं, हात काही सुटले नाहीत. घरातच खिडकीशी पाट टाकून बसायचा.

त्याचा एक नेम होता. मशीन जोडून झालं की आधी त्यात गाणं सोडायचं नाही. काहीच न लावता बटण पार शेवटाला न्यायचं आणि ऐकायचं. काही ऐकू आलं नाही तर काम पक्कं. घरघर आली, शिट्टी आली, तर काम कच्चं. कच्चं काम त्याच्या दारातून कधी बाहेर गेलं नाही. मीटर होता त्याच्याकडं, पण तो म्हणायचा, "मीटर शिकलेल्या लोकांना. आपला कान हाय."

एक दिवस अवसरी बुद्रुकचा सावळाराम आला. बटाट्याची लावण उरकून सरळ यष्टीत बसलेला, नखांत माती तशीच. त्यांच्या गावच्या सप्त्याला गफूर वर्षानुवर्षं स्पीकर लावायचा, तेव्हापासूनची दोघांची दोस्ती.

"गफूरभाऊ, ठकूला आता कायबी ऐकू येईना," सावळाराम म्हणाला. ठकूबाई त्याची बायको. ती कधीची अंथरुणाला खिळलेली. "कानातलं मशीन आणलं, तर म्हणती कानात मुंगळा शिरल्यावानी व्हतं. काढून तांब्यात टाकलं तिनं. भरल्या तांब्यात."

"मंग?"

"नात फोन करती रोज, आरोही. नागपूरला असती. पोरगी इचारती, आजी जेवलीस का. ही म्हणती, थंडी लई हाय गं."

दोघं हसले. मग सावळारामाचं हसू आधी थांबलं.

"डॉक्टर म्हणला, लई दिस न्हाईत. येकदा पोरीचं बोलणं कानात पडू दे तिच्या. मोठ्ठं कायतरी कर, वरून लावायचं. आत घालायचं नगं."

"आठ दिस दे," गफूर म्हणाला. "वहिनीच्या हातची भाकरी लई खाल्लीय म्या. तिला पक्कंच देणार."

त्याच दुपारी हाजराबीनं शेवया कागदात काढल्या आणि मला त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्या दिवसांत मी सुखात होतो. गफूर माझ्या पत्र्याला भोकं पाडताना फुंकर घालायचा, जसं काही मला दुखतंय. बटण मुद्दाम मोठं निवडलं, ठकूवहिनीच्या थरथरत्या बोटांना सापडावं म्हणून. सहाव्या दिवशी शेवटचा सांधा कथलानं जोडला, हेडफोन कानाला लावला, बटण शेवटाला नेलं आणि डोळे मिटले.

मी गप्प होतो. पक्क्या कामानं जसं गप्प असावं तसा.

गफूरच्या कपाळाला आठी पडली. "शिट्टी हाय," तो म्हणाला. "बारीक हाय, पण हाय."

त्यानं मला उघडलं. कंडेन्सर बदलले, परत ऐकलं. शिट्टी. ट्रान्सफॉर्मर काढून आडवा बसवला. शिट्टी. अंगणात डाळिंबाच्या बुडाशी तांब्याची सळई ठोकून अर्थिंग दिलं. शिट्टी. मी आतून सांगत होतो, अरे बाबा, माझ्यात काही नाही. पण ज्याला स्वतःचा आवाज नाही त्यानं सांगावं कसं?

घरात त्या दोघांची बोली निराळी, मी आपल्या बोलीत सांगतो. एकदा त्यानं हेडफोन हाजराबीच्या कानाला लावला.

"मला तर काय बी ऐकू येत नाय," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? त्याला कान लागतो."

"कान हाय की मला. दारावर माणूस हाका मारून परत जातो, ते मलाच ऐकू येतं. तुमी इथंच बसलेले असता."

गफूरनं हातानं माशी वारल्यासारखं केलं आणि पुन्हा पेचकस उचलला.

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. सावळारामाचा फोन आला की गफूर खुणेनं बायकोला सांगायचा, झालंच म्हण. ती तसं म्हणायची आणि फोन ठेवून बराच वेळ तिथंच उभी राहायची. एकदा म्हणाली, "देऊन टाका ना असंल तसा. वहिनीला जराशी शिट्टी ऐकू आली तर काय बिघडतंय? नातीचं बोलणं तरी ऐकू येईल."

"चाळीस वर्षांत दिला नाय कच्चा. आता वहिनीलाच देऊ?"

हट्ट होता, पण त्यात मायाही होती. म्हणूनच तो मोडला नाही.

बटाटा काढणीला आला तेव्हा सकाळच्या पहिल्या चहाला अमृतचा, सावळारामाच्या थोरल्याचा, फोन आला. ठकूबाई पहाटेची गेली होती. गफूर तसाच निघाला, मातीला जाऊन आला. मी पाटावर उघडाच होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

तेरावं झाल्यावर सावळाराम आला. रागानं नाही, पाण्याचा पेला घेऊन नुसता बसला. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्योच का?"

"ह्योच. शिट्टी निघंना गड्या त्यातली. लई केलं."

"बघू तरी."

त्यानं हेडफोन लावला. गफूरनं बटण शेवटाला नेलं. सावळाराम बराच वेळ ऐकत राहिला, खाली मान घालून.

"शांत हाय, राव," तो म्हणाला. "विहिरीत डोकवावं तसं."

"नीट ऐक."

"ऐकतोय की. कायबी न्हाई ह्यात."

गफूरनं हेडफोन ओढून स्वतःला लावला. मग काढला. मग माझी पिन भिंतीतून उपसली. मी मेलो, दिवा विझला. गफूर मान तिरकी करून ऐकत राहिला. चालू मशिनातच खोट शोधायची त्याची रीत. बंद मशिनापुढं बसून ऐकायची वेळ त्याच्यावर चाळीस वर्षांत आली नव्हती. शिट्टी तशीच चालली होती. ती त्याच्या कानातच होती, कोण जाणे किती वर्षांची.

हाजराबी दारात उभी होती.

"सावळाराम," गफूर म्हणाला, "ह्यो डबा सहाव्याच दिवशी झाला व्हता."

सावळारामानं पेला खाली ठेवला. म्हणाला, "ती रोज इचारायची, झाला का म्हणून. मी तिच्या हातावर थोपटून सांगायचो, गफूर कच्चं काम देत न्हाई. तिला ऐकू यायचं न्हाई, पर मान हलवायची."

तो उठला, पायताण घातलं. गफूर मला दोन्ही हातांनी पुढं करत होता. सावळारामानं माझ्या पत्र्यावर एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "आता कुनाला लावू, भाऊ?"

तो परत जुन्नरला आला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

गफूरनं त्यानंतर काही जोडलं नाही. कुणी बिघडलेलं मशीन घेऊन आलं तर हाजराबी दारातूनच सांगते, ते आता करत नाहीत. तो खिडकीशी बसतो, हात मांडीवर उपडे. मी वरच्या फळीवर आहे, झाकण लावलेला. शेवया ठेवायच्या म्हटलं तर पोटात जागा नाही. आणि ज्यासाठी जागा केली, तो एक शब्दही माझ्यातून अजून गेलेला नाही.

माझं फार मागणं नाही. तुमच्यात कुणी घरी बसून असली यंत्रं जोडत असेल, कुणासाठी काही करत असेल, तर त्याला एवढं सांगा. वाट बघणारा माणूस असेल तर जसं असेल तसं नेऊन द्या. पक्कं की कच्चं, ते त्याच्या कानाला ठरवू द्या. त्याला चालेल हो. शिट्टीसकट चालेल.