धोंडाबाईचा नवा मेंढा

वडगाव निंबाळकरच्या धोंडाबाईला आपल्या मेंढरांचा भारी तोरा. लग्नात बापानं आंदण दिलेल्या चार मेंढ्या नि एक मेंढा, त्यांच्यापासूनच सगळा कळप वाढलेला. बाहेरचं जनावर तिनं कधी आत घेतलं नाही. सगळ्यांची तोंडं काळी, कपाळावर पांढरा टिळा. बघणाऱ्याला ती एकाच आईची लेकरं वाटत, आणि खरं सांगायचं तर जवळपास तशीच होती.

तिथंच घोडं पेंड खात होतं. अलीकडं कोकरं मरतुकडी निपजत होती, काही तर उभीच राहत नव्हती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, सगळ्यांचं रक्त एकच झालंय. बाहेरचा मेंढा आणा." मुलगा जोतीरामनं तर निर्वाणीचंच सांगितलं, "आये, ह्या खेपेला कोकरं जगली न्हाईत तर सगळी मेंढरं बाजारात."

धोंडाबाई भवानीनगरला कुंडलिक मेंढपाळाच्या वाघरावर, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, गेली. तिथले मेंढे बघून तिनं नाक मुरडलं. मग एकावर डोळा ठरला. काळं तोंड, पांढरा टिळा!

"ह्योच द्या, कुंडलिकराव. ह्याला म्हणायचं खानदानी!"

"व्हय मावशी, वाणच तसा हाय. सांगवीच्या रामकडनं आणलाय. त्याला वडगावच्या कुणा म्हातारीनं कोकरू दिलं हुतं, त्याचीच ही पैदास."

धोंडाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं, ती म्हातारी म्याच की!"

कुंडलिक पोट धरधरून हसला. तिलाही हसू आवरेना. एवढी पायपीट करून ती आपलाच नातू घरी न्यायला निघाली होती.

"मग असं करा," ती म्हणाली, "माझ्या मेंढरांसारखा अजाबात दिसत न्हाय, त्यो द्या."

कुंडलिकनं तांबडा, लोंबत्या कानांचा, एक शिंग वाकडं असलेला मेंढा पुढं केला. धोंडाबाईनं मन घट्ट करून दावं हातात घेतलं.

"आत्याबाई, हे ध्यान कुठनं आणलं?" सून स्वप्नालीनं विचारलं. गावानंही हसून घेतलं. धोंडाबाई चिडली, पण मेंढा परत केला नाही.

हिवाळ्यात पहिली मेंढी व्याली. कोकरू तांबडं-काळं, कान हे एवढे, टिळ्याचा पत्ता नाही. कोकरू धडपडलं, पडलं, पुन्हा पडलं. मग उभं राहिलं आणि आईच्या कासेला अशी ढुशी दिली की ती बिचारी पुढं सरकली.

"आये, तुझ्या खानदानाचं नाक कापलं की गं ह्यानं," जोतीराम म्हणाला.

"कापू दे," धोंडाबाई डोळे पुसत म्हणाली. "उभं ऱ्हायलंय न्हवं? आता बाजाराचं नाव काढलंस तर तुलाच इकून येईन."