फळीचा शर्ट

तिला बसता येत नाही. हाडांत काही दोष नाही, स्वभावातच आहे. हिच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलीय, असं तिची आई म्हणायची, आणि तेव्हापासून घरीदारी तिचं नाव भिंगरीच पडलं. शाळेत सारखी उठते म्हणून तिला वर्गाबाहेर उभं करायचे, आणि ती शिक्षा तिला मनापासून आवडायची. अशी बाई पुढे व्यवसायोपचार तज्ज्ञ झाली, तेही लहान मुलांची, यात नवल नाही. नवल एवढंच की बावीस वर्षं झाली तरी तो शब्द कुणाला कळत नाही. शेजारीण अजून विचारते, "म्हणजे मुलांना नोकऱ्या लावून देता का हो?" मग ही समजावते की मुलांचा व्यवसाय म्हणजे खेळणं, खाणं, कपडे घालणं, लिहिणं, ते ज्यांना चारचौघांच्या रीतीने जमत नाही त्यांना वेगळ्या रीतीने शिकवायचं. शेजारीण मान डोलावते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारते.

तिची खोली मुलांच्या उपचार केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. छताला झोका, खाली जाड गाद्या, कपाटात मणी, खुंट्या, चिमटे. आणि भिंतीला टेकून ती फळी. नवऱ्याच्या जुन्या रेघारेघांच्या शर्टाची पुढची बाजू कापून भिंगरीने ती स्वतः फळीवर ठोकली होती. पाच बटणं, पाच काजं. या फळीवर किती पोरं बटणं लावायला शिकली याची गणती नव्हती, आणि आल्यागेल्याला ती फळी दाखवताना भिंगरीची मान जराशी ताठच व्हायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे आठवड्यातून एकदा, दर बुधवारी, एक मुलगी यायला लागली. आता ती आठ वर्षांची आहे. वडील तिला मुंगी म्हणतात, कारण चालते हळू पण निघाली की मागे फिरत नाही. बोलायला लागली तर वकिलाला गप्प करील. हात मात्र तिचं ऐकत नाहीत. अक्षरं रेघ सोडून वर चढतात, दप्तर भरेपर्यंत मधली सुट्टी संपते. पहिलीत असताना शाळेच्या पॅन्टचं बटण तिला काढता यायचं नाही आणि कुणाला सांगायची लाज वाटायची. म्हणून पोरीने दिवसभर पाणी पिणंच बंद केलं. घरात कुणाला पत्ता नाही. लघवीचा त्रास होऊन चार दिवस इस्पितळात काढले तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. त्यानंतर शाळेने वर्गात तिच्यासाठी एक मदतनीस दिली. मुंगी पाणी प्यायला लागली.

पण मदतनीस कायमची नसते. दर दोन वर्षांनी केंद्रात हातांच्या कामाची चाचणी होते. गुण ठरलेल्या रेषेच्या खाली आले तर मदतनीस राहते, वर गेले तर जाते.

त्या बुधवारी चाचणी झाली. मुंगीने मणी ओवले, खुंट्या बसवल्या, आकृत्या उतरवल्या, चाचणीच्या पेटीतल्या कापडी पट्टीवरची बटणं फटाफट लावली. भिंगरी घड्याळाकडे बघत होती आणि तिला आनंद आवरत नव्हता. गुण रेषेच्या बरेच वर गेले. मुंगीच्या आईने ऐकलं आणि ती खुर्चीतच रडायला लागली. भिंगरीला कुठे दम धरवतोय? तिने उभ्या उभ्या अहवाल लिहिला, सही ठोकली आणि शाळेला पाठवूनही दिला.

मग पाणी घ्यायला म्हणून ती खाली उतरली. दाराशी मुंगीची आई फोनवर नवऱ्याला सांगत होती, हसत होती, डोळे पुसत होती. शेजारी मुंगी उघडा स्वेटर घालून उभी.

"बाहेर गार आहे, बटणं लाव बघू," भिंगरी म्हणाली.

मुंगीने हनुवटी छातीला टेकवली, एक बटण धरलं, ते सुटलं. पुन्हा धरलं. मग दोन्ही हात खाली सोडले. "नाही येत."

"अगं, आत्ता वर लावलीस की!"

"तो फळीचा शर्ट," मुंगी म्हणाली. एवढी साधी गोष्ट या बाईला कळू नये, याचं तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "हा माझा आहे."

"नाटकं नुसती," आई हसली आणि फोन खांद्याने कानाशी धरून तिने पाचही बटणं लावून टाकली. भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली.

गुरुवारी सकाळी तिने मुंगीची फाईल काढली. वाचायला लागली ती उभ्यानेच, मग खोलीत फेऱ्या मारत. दोन वर्षांचे बुधवार. मणी: चाचणीत होते तेवढेच, तसलेच. खुंट्या: तीच मांडणी. आकृत्या: गोल, फुली, चौकोन, त्रिकोण, त्याच क्रमाने. बटणं: समोर उभी, फळीवर, चाचणीतल्या पट्टीसारखी. ठरवून काहीच केलं नव्हतं तिने. बावीस वर्षं ती एकच चाचणी घेत आली होती, ती तिच्या बोटांत इतकी मुरली होती की खेळ म्हणून कपाटातून काही काढायचं तर हात आपोआप तिकडेच जायचा. तिने मुंगीला हात वापरायला शिकवलंच नव्हतं. परीक्षा शिकवली होती, आणि मग तीच परीक्षा घेऊन टाळ्या पिटल्या होत्या. सोमवारपासून मदतनीस दुसऱ्या वर्गात जाणार होती आणि मुंगी पुन्हा तहानलेली बसणार होती.

ती तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. केंद्र त्यांच्या हाताखाली चालतं.

"बस आधी," मोठ्या बाई म्हणाल्या. भिंगरी बसली नाही. सगळं ऐकून बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरगी काहीतरी शिकली ना? मग झालं. आज तू हे बोललीस तर उद्या तुझे सगळे जुने अहवाल बाहेर काढतील. तुझेच नाही, आपले सगळ्यांचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडू नकोस."

भिंगरी आपल्या खोलीत परत आली. बाईंचं चुकलं म्हणावं तर तसंही नव्हतं. जुने अहवाल. तिने कपाट उघडलं आणि रेषेच्या वर गेलेल्या मुलांची नावं कागदावर लिहायला घेतली. अकरा झाली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. ती अकरा मुलं आता कुठे होती, बटणं कोण लावत होतं त्यांची? तिला त्या मोठ्या बाईंचा राग आला, मग स्वतःचा, मग उगीचच त्या फळीचा.

संध्याकाळी जेवताना ती तीनदा उठली. एकदा मिठासाठी, एकदा मीठ परत ठेवायला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. सासूबाई बघत होत्या. तीस वर्षं त्यांनी पोरांना पोहायला शिकवलं होतं, अजूनही पलीकडच्या काठावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतात.

"भिंगरे, काय झालंय ते ओक एकदाचं."

हिने सांगितलं. सासूबाईंनी घास संपवला. "तलावाची कड धरून पाय मारणारी पोरं सगळी पोहतातच असं वाटतं बघ. आईबाप वरून फोटो काढतात. कड सोडली की कळतं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? कुणी फोटो काढायला लागलं की ओरडायचे, याला अजून येत नाही म्हणून. शिव्या खायचे आईबापांच्या. पण एकही बुडू दिला नाही."

नवऱ्याने तिच्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाला, "आता तरी बस." ती बसली, पण टेबलाखाली पाय चालूच होता.

शुक्रवारी दहाला शाळेत बैठक. मुख्याध्यापिका, मुंगीची आई आणि ही. मुख्याध्यापिकांनी अहवाल समोर ठेवून अभिनंदनाला सुरुवात केली, तोच भिंगरी उभी राहिली.

"हे गुण धरू नका. चूक माझी आहे. चाचणीत जे असतं तेच मी तिच्याकडून दोन वर्षं करून घेतलं. माझ्या खोलीत, माझ्या वस्तूंवर तिला सगळं येतं. बाहेर येत नाही. मदतनीस काढलीत तर ती पुन्हा पाणी प्यायची थांबेल."

मुख्याध्यापिका कागदाकडे बघत राहिल्या. मग मुंगीची आई बोलली, अगदी हळू आवाजात.

"दोन वर्षं मी दर बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून तिला तुमच्याकडे आणलं. परवा घरी आम्ही आनंदाने जेवलो नाही. आणि आज तुम्ही सांगताय, माझी मुलगी एका फळीला कपडे घालायला शिकली?"

"हो," भिंगरी म्हणाली. तिला खूप रडावंसं वाटलं, पण त्या बाईसमोर रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळत होतं.

ठरलं ते असं: दुसऱ्या केंद्रात नव्याने चाचणी होईल, तोवर मदतनीस हलणार नाही. आणि भिंगरीच्या जुन्या अहवालांची तपासणी होईल. अकरा नावांचा कागद तिने स्वतःच पुढे केला. मुख्याध्यापिकांनी तो दोन बोटांनी उचलला. निघताना मुंगीच्या आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. केंद्रात पोचेपर्यंत मोठ्या बाईंना बातमी लागली होती. त्यांनी दार लावून घेतलं, आणि पुढचे चार दिवस त्या भिंगरीशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी चारची वेळ होती. चार वाजून दहा झाले. भिंगरीने गाद्या सरळ केल्या, परत वाकड्या केल्या, परत सरळ केल्या. सव्वाचारला दार उघडलं.

"दुसरीकडे उपचारांना सहा महिने नंबर लागत नाही," मुंगीची आई दारातूनच म्हणाली. "म्हणून आले."

"या," भिंगरी म्हणाली. "आणि आज बाहेर नका थांबू. आतच बसा."

मुंगीने भिंतीकडे पाहिलं. "फळी कुठंय?"

"अडगळीत टाकली."

"मग तिची बटणं कोण लावणार?"

"उघडीच राहू दे तिला. आज तुझा स्वेटर."

भिंगरी गादीवर मुंगीच्या मागे बसली, म्हणजे मुंगीला जे दिसतं तेच हिलाही वरून दिसावं. शेजारी आई. "सगळ्यात खालचं आधी," भिंगरी म्हणाली, "ते तुला नीट दिसतं." आणि तिने आपले हात मांडीवर ठेवले.

मुंगीने बटण धरलं. सुटलं. काज शोधलं, बटण हरवलं. दोन मिनिटं गेली. जीभ बाहेर आली. पुन्हा सुटलं. मुंगी नाकाने जोरात श्वास घेत होती. चौथ्या मिनिटाला आईचा हात आपसूक पुढे गेला, आठ वर्षांची सवय. भिंगरीने तो मधेच पकडला. आईने तो रागाने ओढून घ्यायला पाहिलं, भिंगरीने सोडला नाही. आणि तेवढ्यात बटण काजाच्या तोंडाशी येऊन अडलं, आता नुसतं एक बोट लावलं की झालं असतं, आणि भिंगरीचाच दुसरा हात पुढे झाला. तो आईने पकडला. घट्ट, नखं रुततील इतका.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी धावत गेलं. भिंगरीचा पाय हलत नव्हता. सातव्या मिनिटाला बटण आत गेलं, वाकडं, अर्धवट, मग पुरतं.

मुंगीने मान वळवून दोघींकडे पाहिलं. "भांडताय का तुम्ही?"

"नाही," आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

"मग हात सोडा की. अजून चार आहेत."

मुंगी पुन्हा खाली बघायला लागली. दोघींपैकी कुणीच हात सोडला नाही.